मेश्राम काकांचा दंड

मेश्राम काका लाल सिग्नलला थांबायचे. पुण्यात राहणाऱ्याला एवढं सांगितलं तरी पुरे आहे. बाकीच्यांसाठी थोडं खुलासेवार लिहिते. सकाळी सहा-साडेसहाला कोथरूडच्या आमच्या चौकात चिटपाखरू नसतं. दिवे मात्र आपले लागत-विझत असतात. अशा वेळी काका दूध आणायला निघाले आणि दिवा लाल झाला, की ते पांढऱ्या पट्ट्यांच्या अलीकडे स्कूटर उभी करायचे, इंजिन बंद करायचे आणि एक पाय जमिनीला टेकवून समोर बघत राहायचे. मागून येणारा पेपरवाला बाजूने निघून जाताना हमखास विचारायचा, "काका, बंद पडली का?"

"गाडी चालू आहे. सिग्नलही चालू आहे," काका म्हणायचे.

एकदा मीच त्यांच्या मागे बसले होते. मला कंपनीच्या बसस्टॉपवर सोडायला निघाले होते आणि हिंजवडीची बस पलीकडे उभी असलेली मला दिसत होती. चारही रस्ते मोकळे होते. मी म्हटलं, "काका, कोणी नाहीये हो." त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मी आहे ना," ते म्हणाले. बस चुकली. काकांनी मला पुढच्या स्टॉपपर्यंत नेऊन तीच बस गाठून दिली, वाटेतला आणखी एक सिग्नल पाळून.

आम्ही त्या इमारतीत नव्याने राहायला गेलो, तेव्हा समोरचं दार मेश्रामांचं होतं. माझा नवरा कंपनीच्या कामासाठी वर्षातला निम्मा काळ परदेशात असायचा. मी एकटी असते हे कळल्यावर काकूंनी पहिल्याच आठवड्यात वाटीभर झुणका आणि ज्वारीची भाकरी आणून दिली आणि म्हणाल्या, "दार वाजवायले लाजू नको." भंडाऱ्याकडची माणसं. काका खडकीच्या बाजूच्या एका सरकारी कारखान्यात तपासनीस होते. उभी नोकरी पुण्यात काढूनही दोघांच्या तोंडची बोली गेली नव्हती. काका बाहेर सावरून बोलायचे, पण रागावले किंवा मायेत आले की 'मले-तुले' सुरू व्हायचं. मुलगा नीलेश अमेरिकेत संगणकाच्या कामावर होता. त्या वर्षांत आमच्या इमारतीतल्या दर दुसऱ्या घरातलं पोर तिकडेच होतं.

कायद्यावर काकांची श्रद्धा होती. मी 'श्रद्धा' हा शब्द विचार करूनच लिहिते आहे. त्यांचे वडील दुसऱ्यांच्या शेतावर राबायचे. छप्पन साली ते या मुलाला घेऊन नागपूरला गेले, ते बौद्ध होऊन परतले आणि परतल्यावर गावातल्या विहिरीवर पाण्याला गेले. मारायला माणसं आली. तालुक्याहून एक हवालदार आला आणि त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, की हा माणूस पाणी भरणार, हात लावील त्याला आत टाकीन. "तो हवालदार काही आमचा सगा नव्हता," काका सांगायचे. "त्याले आम्ही आवडतही नसू. पण कायदा होता म्हणून त्याले उभं राहावं लागलं. बाप घागर घेऊन घरी आला तेव्हा रडला होता. आता सांग, मी सिग्नल तोडू?"

नंतर एकटी असताना रिकाम्या चौकात मीसुद्धा थांबू लागले.

काकूंच्या किडन्या निकामी झाल्या, तेव्हा काका नुकतेच निवृत्त झाले होते. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागायचं. स्कूटरवर त्यांना बसवेना आणि रिक्षाच्या हादऱ्यांनी त्यांचं अंग आंबून जायचं. मग काकांनी जुनी मारुती घेतली आणि साठी उलटल्यावर मोटार चालवायला शिकले. शिकवणाऱ्याने त्यांना दोन महिन्यांचं एका महिन्यात उरकून देतो म्हटलं, तर हे म्हणाले, "नको. पूर्ण शिकवा. आमच्या घरचं माणूस बसणार आहे." परवान्याच्या परीक्षेला एजंट लावायचा नाही म्हणून तीनदा चकरा मारल्या. गाडी रस्त्यावर आली ती मागच्या सीटवर दोन उशा ठेवूनच. खड्डा आला की काका आधी सांगायचे, "धर." काकू वरचा दांडा धरायच्या. एवढाच त्यांच्यातला संसारी संवाद मी त्या गाडीत ऐकलेला आहे आणि तो पुरेसा होता.

दवाखान्याच्या आवारात जागा नसायची. शेजारच्या गल्लीत पालिकेचा 'पे अँड पार्क'चा फलक होता. तिथे भगवानराव नावाचा एक वाळकुडा माणूस खाकी शर्ट घालून, गळ्यात पिशवी अडकवून पावत्या फाडायचा. काका त्याच्याकडून पावती घ्यायचे आणि काचेच्या आत, बाहेरून वाचता येईल अशी ठेवायचे. भगवानराव काकूंना ओळखायला लागला होता. त्या बाहेर यायच्या वेळी तो गाडीच्या मागे लावलेल्या स्कूटर हलवून ठेवायचा, म्हणजे काकांना गाडी काढताना खटपट नको.

तो एप्रिलचा शेवटचा शनिवार. मला सुट्टी होती. दुपारी फोन आला, दवाखान्यासमोरच्या औषधाच्या दुकानातून. "तुम्ही मेश्रामांच्या शेजारी का? त्या आजी इथे बसल्यात. तुम्ही येता का?" मी रिक्षा करून गेले.

काकू दुकानाच्या पायरीवर स्टुलावर बसल्या होत्या. डोळे मिटलेले, हाताला पट्टी, ओठ पांढरे पडलेले. गल्लीत मारुतीच्या पुढच्या चाकाला पिवळा जॅमर ठोकलेला होता आणि काचेवर दंडाचा कागद चिकटवलेला होता. त्या कागदाच्या खालीच, काचेच्या आत, त्या दिवशीची पावती दिसत होती. भगवानराव कुठेच नव्हता. काका जॅमर लावणाऱ्या पथकातल्या एकाशी बोलत होते. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. ते त्याला समजावून सांगत होते, जसं एखाद्या चुकलेल्या मुलाला सांगावं.

"हे बघा, ही पावती. ही आजची तारीख. ही वेळ. तुमच्याच पालिकेचं नाव आहे ना हे?"

"काका, मी कुठे नाही म्हणतोय? पण इथे नो पार्किंग आहे."

"फलक पे अँड पार्कचा आहे."

"फलक असू द्या. वरून आदेश आहे. दंड भरा, दोन मिनिटांत जॅमर काढतो. तक्रार काय ती ऑफिसात जाऊन करा."

"मी दंड भरला तर मी गुन्हा केला असं होते."

पथकवाला हसला. वाईट माणूस नव्हता तो. उन्हाने आणि लोकांच्या शिव्यांनी कंटाळलेला होता. मी काकांना बाजूला घेतलं. म्हटलं, "काका, आत्ता भरून टाका. मग आपण भांडू. मी येते तुमच्याबरोबर भांडायला."

"भरलं की संपलं, मुक्ता. मग कोणी ऐकत नाही. भरणारा गुन्हेगार असते."

पायरीवरून काकू एवढंच म्हणाल्या, "जाऊ द्या ना जी."

काकांनी ऐकलं नाही. मी काकूंना रिक्षाने घरी नेलं. कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर त्यांनी माझा हात इतका दाबला, की बोटांचे वळ उठले. काका संध्याकाळी पायी आले. गाडी पथकाने ओढून आपल्या आवारात नेली होती. काकूंनी दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि जेवायला वाढलं. मी माझ्या दारातून हे बघत होते. मला वाटलं होतं, दोन-चार दिवसांत मिटेल.

त्यानंतर काकांनी ज्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांची नावं मी लिहीत नाही. तिथली माणसं आता बदलली असतील, टेबलंही बदलली असतील. एका खिडकीवर सांगायचे, जॅमर आम्ही लावतो, पण पार्किंगचं दुसरं खातं बघतं. दुसरं खातं म्हणायचं, पावती आमची आहे, पण दंड आमचा नाही. साहेब मीटिंगला असायचे. मीटिंगला नसले तर जेवायला असायचे. एका कारकुनाने काकांना विचारलं, "आपल्याला काही कामधंदा?" काका म्हणाले, "निवृत्त आहे." तो म्हणाला, "मग ठीक आहे. वेळ चांगला जाईल आपला."

घरी आल्यावर हे सगळं काका मला सांगायचे, पण रागाने नाही. त्यांचा अजून विश्वास होता, की योग्य टेबल सापडलं की होईल. "माणसं चुकतात, बेटा. व्यवस्थेत कुठं तरी एक माणूस बसलेला असते, जो वाचते. तो सापडायचा आहे."

आमच्या सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी पाण्याच्या टाकीचा विषय संपवून चष्म्यावरून पाहिलं. "मेश्राम, आपला तो खटला कुठवर आला? दिल्लीला गेला का?" सगळे हसले. काकाही हसले. नीलेशचा अमेरिकेहून फोन यायचा. पलीकडून तो मोठ्याने बोलायचा, त्यामुळे मलाही ऐकू यायचं. "बाबा, मी इथे एका पिझ्झ्याला तेवढे देतो. भरून टाका आणि आईला टॅक्सी लावा. मी पाठवतो ना." काका फोन खाली ठेवून म्हणायचे, "पोरगा चांगला आहे. पण त्याले वाटते, मी पैशासाठी करून राहिलो."

एकदा मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेले. तिसऱ्या मजल्यावर अर्ज बघणाऱ्या बाईंनी काकांचं नाव वाचलं, मग काकांकडे पाहिलं आणि शेजारच्या टेबलाकडे तोंड करून म्हणाल्या, "यांना कायदा फार पाठ असतो." शेजारचा माणूस मान खाली घालून हसला. काका खिडकीबाहेर बघत राहिले. मी काही बोलणार, तोच त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. जिना उतरताना म्हणाले, "त्या बाईंचं बरोबर आहे. पाठ केल्याशिवाय आम्हाला गत्यंतर नव्हतं."

शेवटी 'वाचणारा माणूस' सापडला. तरुण अधिकारी होता. नीट बोलायचा, अहो-जाहो करायचा. त्याने बसायला खुर्च्या दिल्या, पावती हातात घेऊन पाहिली आणि समोरच्या संगणकात काहीतरी शोधलं. मला वाटलं, झालं एकदाचं.

"काका, आपलं म्हणणं माझ्या लक्षात आलं," तो म्हणाला. "घोळ असा आहे, की त्या गल्लीतल्या पार्किंगचा ठेका आधीच संपला होता. ठेका संपला की जागा आपोआप नो पार्किंग होते. ठेकेदाराने फलकही काढला नाही आणि माणूसही. म्हणजे आपण पैसे दिलेत, पण ते आम्हाला दिले नाहीत. ही पावती आमच्या लेखी पावतीच नाही."

काकांनी ती पावती उचलून घेतली. मग म्हणाले, "तो माणूस तिथे रोज उभा राहून पावत्या फाडत होता. तुमचं पथक रोज त्या गल्लीतून जाते. कोणाले दिसला नाही?"

"पथकाचं काम गाड्या बघायचं आहे."

"म्हणजे गाडी दिसली. माणूस दिसला नाही."

अधिकारी ओशाळला. खरंच ओशाळला, मी त्याचा चेहरा पाहिला. हळू आवाजात त्याने मार्ग सुचवला. पावती देणाऱ्याविरुद्ध पोलिसांत फसवणुकीची तक्रार नोंदवा. ती नोंदवलीत की त्या आधारावर मी दंड रद्द करायची शिफारस करतो. "आपण फसवले गेलात असं झालं, की आपला दोष राहत नाही," तो म्हणाला. काका उठले, त्याला नमस्कार केला. बाहेर येऊन मला म्हणाले, "बघ. सापडला ना माणूस?"

त्याच दुपारी आम्ही गल्लीत गेलो. ठेकेदाराचा फोन बंद होता. भगवानराव मात्र होता. फलक गेला होता, तरी तो समोरच्या भिंतीच्या सावलीत पिशवी घेऊन उकिडवा बसला होता. काकांना पाहून उठून उभा राहिला. "आजी बऱ्या आहेत ना?" त्याचा पहिला प्रश्न. काकांनी त्याला ठेक्याचं विचारलं. त्याला काहीच माहीत नव्हतं. मालक पुस्तकं आणून द्यायचा, संध्याकाळी पिशवी घेऊन जायचा. एक दिवस मालक आला नाही आणि मग पथक आलं. "मी त्या शनिवारी पळालो, साहेब," तो म्हणाला. "आजी उन्हात हाईत हे दिसलं, पर पळालो. धरत्याल म्हणून. आता मालक येईल म्हणून रोज येऊन बसतो. गावाकडं काय तोंड दावू?"

चौकीत हवालदाराने आमचं सगळं ऐकून घेतलं. ठेकेदाराचं नाव काका सांगू लागले, तेव्हा त्याने हात वर केला. "त्याचं नाव नको. तो कुठे सापडतोय? पावती कोणी फाडली?"

"भगवानराव म्हणून आहे. पण तो फक्त—"

"आहे ना तिथेच? पुरे. आणतो त्याला. तुम्ही सही करा."

"त्याले आणून काय कराल?"

हा माणूस कुठून आला, अशा नजरेने हवालदाराने काकांकडे पाहिलं. "फसवणूक म्हणता ना तुम्ही? मग आत घालणार. आणि काय करणार?"

भिंतीवरचा पंखा कुरकुरत होता. काका खुर्चीच्या टोकावर बसले होते, पेन हातात. मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिते: त्यांनी सही करावी असं मला वाटलं. काकू घरी होत्या, रिक्षातून येऊन-जाऊन त्यांची पाठ सोलल्यासारखी झाली होती आणि भगवानराव माझा कोणी नव्हता. काकांनी पेनाचं टोपण लावलं.

"राहू द्या," ते म्हणाले.

"तक्रार नाही करायची?"

"नाही."

"मग आमचा वेळ कशाला घेतलात?"

बाहेर रस्त्यावर आल्यावर ते मला म्हणाले, "मी खरा ठरायसाठी त्या माणसाले आत टाकायचं. असं कोणतं खरं आहे हे?" मग, स्वतःशीच बोलल्यासारखे, "माझ्या बापासाठी आला होता तोही हवालदारच होता."

त्या दिवसानंतर त्यांनी पुढचं टेबल शोधलं नाही. पण दंडही भरला नाही. गाडी आवारात पडून होती. काका काकूंना रिक्षाने न्यायचे, रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगायचे, तो "हळूच आहे, काका" म्हणत तसाच चालवायचा. पावसाळा सुरू झाला आणि रस्ते उखडले. काकूंना परतताना उलट्या व्हायला लागल्या. एका दिवशी त्यांना जिन्यावरून वर घ्यायला मी आणि काका दोघं लागलो. पलंगावर टेकल्यावर त्यांनी काकांचा हात धरला. मी निघणार होते, तर मलाही थांब म्हणाल्या. मला वाटतं, त्यांना साक्षीदार हवा होता.

"तुमचं खरं आहे," काकू म्हणाल्या. "मले ठाऊक आहे. आणखी कोणाले ठाऊक व्हायले पाहिजे जी? मले रिक्षा सोसत नाही आता."

त्यांनी आजवर काही मागितलं नव्हतं. काका दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन गेले. दंड, ओढून नेल्याचा आकार, आवारात ठेवल्याचं भाडं, सगळं एकत्र. पैसे मोजून झाल्यावर कारकुनाने एक छापील कागद पुढे सरकवला. 'निषिद्ध ठिकाणी वाहन उभे केल्याचे मला मान्य आहे.' खाली सहीची जागा.

काकांनी तो वाचला. "हे वाक्य खोडून सही केली तर चालेल का?"

"छापील आहे, काका. ते खोडता येत नाही."

काकांनी सही केली. कारखान्यात हजारो वस्तूंवर 'तपासले, योग्य' म्हणून सही करणारा तो हात होता; एका झटक्यात व्हायची त्यांची सही. त्या दिवशी त्यांनी एकेक अक्षर काढलं. रांगेत मागे उभा असलेला माणूस म्हणाला, "आजोबा, आवरा." काका बाजूला झाले आणि मागच्या माणसाला म्हणाले, "माफ करा." मला ते 'माफ करा' अजून ऐकू येतं.

गाडी मिळाली, पण काचेला तडा गेला होता, बॅटरी उतरली होती, टायर जमिनीला टेकले होते आणि उशांना बुरशी आली होती. गॅरेजवाल्याने आठवडा घेतला. काकूंनी उशांना नवे अभ्रे घातले. त्या गाडीत त्या पुन्हा एकदाच बसल्या. मी पुढे बसले होते. काका एवढे जपून चालवत होते, की मागून बसवाले शिव्या घालत होते. काकू काचेला डोकं टेकून बाहेर बघत होत्या. पुलावर आल्यावर म्हणाल्या, "किती मऊ चालते जी." काकांनी आरशात पाहिलं. पुढच्या वेळी नेताना रुग्णवाहिका बोलवावी लागली आणि तिथून काकू परत आल्या नाहीत.

नीलेश आला, राहिला आणि गेला. काका त्याच्याबरोबर जायला तयार झाले नाहीत. त्यांनी गाडी विकली आणि मग फ्लॅटही काढला. भंडाऱ्याजवळ धाकट्या बहिणीचं घर होतं, तिकडे जायचं ठरवलं. त्या महिन्यांत ते माझ्याकडे चहाला यायचे, पण बोलणं खुंटलं होतं. मी मुद्दाम कुठल्या तरी अन्यायाची बातमी काढायचे, पूर्वी ते त्यावर तासभर बोलले असते. आता ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "असेल." पूर्वी मी त्यांच्या तोंडून हा शब्द कधी ऐकला नव्हता. पूर्वी त्यांच्याकडे 'आहे' होतं आणि 'नाही' होतं.

निघायच्या दिवशी मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. एक ट्रंक, एक वळकटी. गाडी फलाटाला लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो होतो. मला काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं. म्हटलं, "काका, तुम्ही बरोबर होतात. एवढं लक्षात ठेवा. शेवटपर्यंत तुम्हीच बरोबर होतात."

त्यांनी मान हलवली, होय म्हणून नाही, नको म्हणून.

"तू यायच्या आधीचं तुले ठाऊक नाही, मुक्ता. त्या शनिवारी. औषधवाल्याने तिले गिलासभर पाणी दिलं होतं. तिले पाणी प्यायची बंदी, मोजून घोट घ्यायचे. ऊन असं होतं. तिने पाणी तोंडात घेतलं, धरून ठेवलं आणि थुंकून टाकलं. पुन्हा घेतलं, पुन्हा थुंकलं. माझ्याकडे पाहून राहिली होती. घरी नेलं असतं तर बर्फाचा खडा ठेवायची ती जिभेवर, तेवढी सूट होती तिले. मी ते सगळं पाहिलं. आणि पाहून त्या पथकवाल्याले पुन्हा पावतीवरची वेळ दाखवली."

मी म्हणाले, "त्या दोन तासांनी काकू गेल्या नाहीत, काका. डॉक्टरांनीच सांगितलं होतं."

"तिच्या मरण्याचं मी बोलून नाही राहिलो," काका म्हणाले. "तिच्या तहानेचं बोलून राहिलो."

गाडी आली. हमालाने ट्रंक उचलली. काका त्याच्या मागोमाग डब्यात चढले, जागेवर बसले आणि ती सुटेपर्यंत त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं नाही.